कसरीचं घर

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या. माझी शाळा सातवीतच सुटली, शब्दही साधेच येतात. पण आमच्या दुकानातल्या रफूवाल्या काकांचं सांगायलाच हवं.

त्या दुपारी एका गिऱ्हाइकानं तपकिरी लोकरी कोट काकांपुढे टाकला. "तुमच्याकडे दिला आणि कसर लागली."

मालक काकांना म्हणाले, "खरं असेल तर उद्यापासून येऊ नका."

काकांनी भिंग घेतलं. घडीत एक मेलेला पतंग होता, नखाहून लहान, मळकट, पंखांवर तीन काळे ठिपके. म्हणजे घर अंगावर वागवणारी कसर. हिची अळी जे खाते त्याचाच कोश विणते, आणि वाढली की दोन्ही टोकांना जोड देते. भोकाशी तसाच एक कोश सरपटत होता. टोकं तपकिरी, मधला जुना भाग पांढरा. काकांनी तो सुईनं उसवला. पांढऱ्या भागात लोकर नव्हतीच. माणसाचे पिकले केस होते, बारीक कुरतडलेले. काकांनी गिऱ्हाइकाकडे पाहिलं.

"घरी पांढऱ्या केसांचं कोण आहे?"

"आई. अंथरुणाला खिळलीय."

"मग कसर तुमच्याकडूनच आलीय. चला, दाखवतो."

कोट घेऊन काका त्याच्या घरी गेले. तो खोलीच्या दाराशीच थांबला. आत कुबट, गोडसर वास. पायाखाली काहीतरी कुरकुरलं. कोश होते, सगळे पांढरे. जमिनीवर, भिंतीवर, उशीवर... सावकाश सरकत. चादरीबाहेर आलेलं डोकं निश्चल होतं. केस तेवढे हलत होते.

"रफूवाले का?" आवाज अगदी मायेचा. "इथं जरा भोक पडलंय, बाबा... हात लावून बघतोस?"

कोट तिथंच टाकून काका बाहेर आले.

मुलगा पांढराफटक पडला होता. "तुमच्याशी बोलली?" तो पुटपुटला. "वर्ष झालं... तिची वाचा गेलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच कोट काकांच्या दाराच्या कडीला लटकत होता. भोक बुजलेलं. पांढऱ्या धाग्याचं रफू, काकांनाही जमलं नसतं इतकं नेटकं. त्यांनी चिमट्यानं एक धागा ओढला. हातभर निघाला. टोकाला केसाचं मूळ होतं, अजून ओलं.

काका दुकानात आले, तीनदा हात धुतले आणि मालकांना म्हणाले, "कसर माझ्याकडूनच लागली. आता सुई धरणार नाही." मग सुयांची डबी तिथंच ठेवून निघून गेले.