उजवा भोंगा

ज्यांना ही गोष्ट रचलेली वाटेल, त्यांनी खुशाल तसं समजावं. काकांना त्याने काही फरक पडत नाही. जे घडलं ते त्यांच्याच घरात घडलं. मागच्या खोलीत. भर दुपारी, साडेतीनच्या सुमाराला.

काका निवृत्त वायरमन. दोन वर्षांत काकूंना ऐकू येणं फारच कमी झालं होतं. कानातलं यंत्र लावलं की डोकं दुखायचं. म्हणून काकांनी मनावर घेतलं, हिला पुन्हा गाणी ऐकवायचीच! प्लायवूडचे कमरेएवढे दोन भोंगे त्यांनी घरीच करायला घेतले.

चार महिने खपले. प्लाय कापला, वाकवला, चिकटवला. फटींत पुट्टी भरली. पॉलिश पेपरने घासून घासून बोटांची सालं निघाली.

डावा भोंगा पहिल्याच दिवशी गायला लागला.

उजवा मुका.

काकांनी वायर बदलली. आवाजाचं युनिट बदललं. शेवटी डाव्याचं युनिट काढून उजव्याला बसवलं...

गप्प.

तेच युनिट परत डाव्याला लावलं, की खणखणीत!

"अरे, मी तुझं काय घोडं मारलंय?" काका त्या भोंग्यावर खेकसायचे. तीन आठवडे हेच चाललं होतं. जेवणावरचं लक्ष उडालं होतं.

त्या दुपारीही ते स्क्रू ड्रायव्हर आपटत बसले होते. काकू चहा घेऊन आल्या आणि उजव्या भोंग्यासमोर स्टुलावर टेकल्या.

"अहो, लागला की!"

"काय लागला?"

"भोंगा! किती स्पष्ट ऐकू येतंय."

काकांनी भोंग्यात कान घातला. काहीच नाही. पंख्याची कुरकुर नाही, रस्त्यावरच्या गाड्या नाहीत... कान आत गेला की सगळं बंद.

डोकं बाहेर काढलं, की पंखा पुन्हा कुरकुरायला लागला.

"कुठलं गाणं ऐकतेस?"

"गाणं कुठलं? बाई बोलतेय."

काका वैतागले. थट्टा करायची ही वेळ होती? त्यांनी बटण बंद केलं. भोंग्याच्या वायरी उपटून हातात घेतल्या.

काकू मान डोलवतच होत्या...

"हो, दोघंच असतो. ...आहेत ना, इथेच उभे आहेत."

"अगं, कोणाशी बोलतेस?"

"ती विचारतेय, उद्या दुपारी आलं तर चालेल का."

काकांच्या हातातल्या वायरी गळून पडल्या.

"मग?"

"मी म्हटलं, या की."

काकांनी तेव्हाच करवत उचलली. चार महिन्यांची मेहनत अर्ध्या तासात सरपण झाली. काकू रडल्या. काकाही रडले, पण रागाने. दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघं लेकीकडे निघून गेले.

चार दिवसांनी परतले, तर खालच्या शेजारीणबाई फाटकातच भेटल्या.

"तुमच्या पाहुण्या बाई आल्या होत्या. तुम्ही गेलात ना, त्याच दुपारी. मी सांगितलं, चार दिवस नाहीयेत."

"मग गेली ना ती?" काकांनी विचारलं.

"छे! 'चालेल, मी आत थांबते,' म्हणाल्या आणि वर गेल्या. मला वाटलं, किल्ली तुम्हीच दिली असेल."

किल्ल्या दोनच होत्या. दोन्ही काकांच्या खिशात.

दाराला कुलूप तसंच होतं. काका कितीतरी वेळ बाहेर उभे राहिले. शेवटी काकूंनीच किल्ली घेऊन दार उघडलं.

आत कोणी नव्हतं. सगळं जागच्या जागी.

ते आजही तिथेच राहतात. या वयात जाणार कुठे? पण काका मागच्या खोलीत एकटे जात नाहीत. शेजारीणबाईंना त्यांनी खोदून खोदून विचारलं होतं, "ती खाली कधी उतरली?"

शेजारीणबाई दिवसभर जिन्याशीच शिवणाचं मशीन घेऊन बसतात.

तिला खाली उतरताना त्यांनी पाहिलंच नाही.