हिरवळीवरचं गाव

त्या उन्हाळ्यात पाऊस फिरकलाच नाही. हॅरोबी हॉलच्या दक्षिणेकडची हिरवळ सुकत गेली, आणि एका सकाळी माळी जेथ्रो पाईकला तिच्यावर घरं दिसली. पिवळ्या पडलेल्या गवताच्या रेघा. भिंती, चुलीची जागा, आणि प्रत्येक चौकोनाला दाराएवढी हिरवी फट.

खाली जुन्या पायाचे दगड होते, एवढंच. हॉलच्या मालकीण बाईसाहेब लेडी ऑगस्टा यांच्या पणजोबांना खिडकीतून तळं दिसायला हवं होतं आणि मध्ये गाव येत होतं. त्यांनी भर हिवाळ्यात गाव उठवलं.

"शनिवारी माझ्या लेकीचं लग्न आहे, पाईक," लेडी ऑगस्टा म्हणाल्या. "पाहुण्यांना ही थडगी दाखवू? रेघा गेल्या नाहीत तर घराची किल्ली आणून दे."

घर म्हणजे बागेच्या भिंतीला टेकलेल्या दोन खोल्या. नोकरी असेपर्यंतच माळ्याच्या. आत त्याची बायको डॉर्कस छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेली.

रोज संध्याकाळी जेथ्रो आणि त्याचा जोडीदार सिलस तळ्यातून पाण्याची गाडी भरून आणत आणि रेघांवर ओतत.

"लेका, मेलेल्यांची छपरं गळवतोयस," सिलस हसला. "शिव्या घालतील तुला!"

"तू बादली दे."

शेवटच्या घरापाशी भाजलेल्या पावाचा वास आला. गरम, ताजा.

"हॉलच्या स्वयंपाकघरातला असेल," जेथ्रो म्हणाला.

"वारा कुठाय?" सिलस आता हसत नव्हता. "राहू दे हे घर, जेथ्रो... राहू दे."

जेथ्रोला डॉर्कस आठवली. त्यानं बादली पालथी केली. वास गेला. मग त्या हिरव्या फटीतून गवत दबत गेलं, पावलापावलानं, बागेच्या भिंतीकडे. त्यानं मान फिरवली.

शुक्रवारी हिरवळ एकसारखी झाली. बाईसाहेब हसल्या. जेथ्रो जवळजवळ धावतच घरी आला.

डॉर्कस उठून बसली होती, पलंगाच्या अगदी कडेला, अंग चोरून.

"घर राहिलं आपलं!"

"हळू बोल," ती कुजबुजली. "पोरं आत्ताच निजलीत."

"कुणाची पोरं?"

"दार वाजलं... मी 'या' म्हटलं. इतकी थंडीनं काकडलेली माणसं, जेथ्रो. नाही कसं म्हणू?"

तिच्यामागं पलंग रिकामा होता. त्यानं वळून दार लोटलं.

"नको लावूस... म्हातारी मागं राहिलीय."

दार लागेना. बाहेर पायरीवर कुणीतरी दम खात होतं.