हललेली तसवीर

जालन्याच्या बाजारात पावसाची सर जोरात आली, म्हणून सुहासिनी समोर दिसलं त्या दुकानात शिरली. दुकान नेमकं गिरिधरचं, फोटोंचं निघालं. ओली छत्री दाराशी टेकवून ती भिंतीवरच्या तसविरी बघू लागली आणि एकीपाशी थबकली.

"हे काय? डोंगरावरून कापूस सांडून राह्यला का?"

"धबधबा आहे तो," गिरिधर खाली मान घालून म्हणाला.

"पाणी असं दिसतं होय?"

मग त्याला बोलावंच लागलं. भिंगावरचं झाकण काढून जरा वेळ तसंच ठेवायचं... जे हलतं ते आतल्या काचेवर पुसट होत जातं. जे हलत नाही, तेवढंच ठसठशीत उमटतं.

"आणि माणूस असला तर?"

"त्यानं अगदी गप उभं राहायचं."

"मंग माझी तसवीर तुमच्याच्यानं निघायची न्हाई!" ती हसली, छत्री उचलली आणि निघून गेली. गिरिधर त्या दिवशी कामातून गेला.

पुढं आत्याचा दोरा म्हणा, नानांची शाई म्हणा, सुहासिनीची बाजाराची वाट बराबर त्याच दुकानावरून जाऊ लागली. ती बोलायची, हा ऐकायचा. फारच जवळ आली की हा घाईघाईनं कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात डोकं खुपसायचा.

"तुम्ही काय बुरख्यातूनच बोलता का हो?" एकदा तिनं विचारलंच. स्वारी प्रेमात गळ्यापर्यंत बुडाली होती, पण जीभ उचलेल तर शपथ!

आणि भाद्रपदात तिचे वडील नाना, म्हणजे भुजंगराव वकील, स्वतः दुकानात आले.

"गिरिधर, सुहासची तसवीर पाह्यजे. हैदराबादचं स्थळ आलंय, मुलगा सरकारी नोकरीत आहे. तसवीर पसंत पडली की बोलणी पक्की. चतुर्थीला आम्ही राजूरला चाललो, तिथल्या ओढ्यावर धबधबा आहे. तिथंच काढायची, असा हट्ट धरून बसलीय. तू चल. पण तसवीर बिलकुल साफ आली पाह्यजे!"

आपल्याच हातानं तिची तसवीर काढायची, आणि आपल्याच हातानं तिला हैदराबादला धाडायची.

राजूरच्या गणपतीचं दर्शन झालं. नाना आणि आत्या ओढ्याच्या वर झाडाखाली शिदोरी सोडून बसले. खाली धबधब्याच्या अंगाला, मोरपिशी पातळ नेसून, सुहासिनी खडकावर उभी राहिली. केसांवर बारीक तुषार साचत होते. बैलांच्या दमणीच्या हादऱ्यांनी बाकीच्या काचा वाटेतच फुटल्या होत्या, उरली होती एकच.

"आता हलायचं नाही. बोलायचंही नाही," गिरिधरनं बजावलं. झाकण काढलं, घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. आणि ती आता बोलू शकत नाही म्हणूनच की काय, त्याला कंठ फुटला.

"सुहासिनी... हैदराबादला जाऊ नका. तुम्ही मला फार आवडता. पहिल्या दिवसापासून. माझ्याशी... लग्न कराल?"

नजर मात्र घड्याळाच्या काट्यावरच खिळलेली. वर बघायची छाती होती कुणाला! झाकण बसवून त्यानं मान उचलली, तेव्हा ती तशीच्या तशी उभी होती. गाल तेवढे लाल झाले होते.

"उत्तर...?"

"दिलं की! तुम्ही घड्याळाकडं बघून राह्यला होता. आता काच धुवा, मंग दिसंल."

"म्हणजे... तुम्ही हललात?"

"सुहास, जेवायला ये गं!" वरून आत्यानं हाक मारली, आणि ती हसत पळाली.

दुसऱ्या दिवशी दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत, लाल कंदिलाच्या उजेडात, त्यानं काच औषधात बुडवली. मान आडवी हलली असेल, तर चेहरा आडवा फिसकटणार. म्हणजे नाही. उभी हलली असेल तर... खडक उमटला. पाणी उमटलं. पदराचा काठसुद्धा स्वच्छ उमटला. आणि चेहरा? कपाळापासून हनुवटीपर्यंत वरखाली ओढला गेलेला! एकदा नाही, पुन्हा पुन्हा मान डोलावली होती पोरीनं. गिरिधर त्या अंधारात एकटाच मोठ्यानं हसला.

कागदावर उतरवलेली तसवीर घेऊन संध्याकाळी तो वकिलांच्या बैठकीत उभा राहिला.

"अरे, हिचं तोंड कुठंय?" नाना कडाडले. "ही हैदराबादला कशी पाठवू?"

"पाठवू नका, नाना." आज मध्ये कॅमेरा नव्हता, काळं कापड नव्हतं. "दोष माझा आहे. झाकण काढल्यावर मी तिला लग्नाचं विचारलं. मुलगी मला द्या. मी तिला सुखात ठेवीन."

नानांनी तसवीर पुन्हा हातात घेतली आणि बराच वेळ बघितली. "तुझं घर चांगलं आहे, तुझ्या वडिलांना मी ओळखत होतो. पण..." त्यांनी आत हाक मारली. "सुहास, बाहेर ये. हे काय केलंस तू? आता इथं ना कॅमेरा, ना धबधबा. बोल, काय उत्तर दिल्तंस ह्याला?"

इतकी बडबडी पोर, पण ऐन वेळी दाराची चौकट घट्ट धरून तिनं फक्त मान डोलावली. वर, खाली... पुन्हा वर, पुन्हा खाली.

या खेपेला गिरिधर तिच्याकडेच बघत होता.