कवटीतली जागा

खो-खोच्या सरावात खांबाला वळसा घालताना अबोलीचा पाय घसरला आणि डाव्या कानाच्या वरचा भाग खांबावर आपटला. मिनिटभर तिला शुद्ध नव्हती. मग ती उठली, मैत्रिणींशी हसली आणि धाकट्या बहिणीबरोबर, अकरा वर्षांच्या केतकीबरोबर, चालत घरी निघाली. वाटेत तिने केतकीकडून कबूल करून घेतलं, की आईला सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशी राज्याच्या संघाची निवड होती.

दीड तासाने अबोलीला उलटी झाली. डोकं फार दुखतंय म्हणून ती आडवी झाली. केतकीने हाक मारली, तर ती काहीतरी भलतंच पुटपुटली. शब्द मोडला तर ताई आपल्याशी बोलणार नाही, हे केतकीला ठाऊक होतं. तरी तिने स्वयंपाकघरात जाऊन आईला सगळं सांगितलं.

हे २०५२ सालचं. जत तालुक्यातल्या त्यांच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात सुषेण नावाचा यंत्रमानव रुग्ण तपासायचा. शेजाऱ्यांच्या गाडीतून अबोलीला तिथे नेलं. सुषेणने आधी तिची मान आधार देऊन सरळ ठेवली आणि खाटेची डोक्याकडची बाजू उचलली. मग तो मोठ्याने म्हणाला, "अबोली, डोळे उघड." तिने उघडले, पण पुन्हा मिटले. आज वार कोणता, याचं उत्तर तिने चुकीचं दिलं. हात वर कर म्हटल्यावर मात्र तिने केला.

"तेरा," सुषेण म्हणाला.

केतकीला काहीच कळेना. सुषेणने हात न थांबवता समजावलं. डोळे उघडण्याला जास्तीत जास्त चार गुण, बोलण्याला पाच, हालचालीला सहा. पूर्ण शुद्धीतल्या माणसाचे पंधरा होतात. एकदाच मोजून भागत नाही, आकडा खाली येतोय का ते पाहायचं असतं.

दहा मिनिटांनी त्याने पुन्हा मोजलं. अकरा. डोळ्यांवर प्रकाश टाकला, तेव्हा उजवी बाहुली लगेच आकसली. डावी मोठीच राहिली. नाडी मंदावली होती आणि रक्तदाब चढला होता. मिटलेल्या पापणीवर त्याने ध्वनितरंगांचा (कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लहरींचा) तपासक ठेवला. डोळ्यामागच्या नसेचं आवरण फुगलेलं दिसलं, म्हणजे डोक्यातला दाब वाढला होता. त्याच क्षणी त्याने सांगलीहून उडती रुग्णवाहिका मागवली.

"इतका वेळ ताई बरी होती," केतकी म्हणाली. "मग आता काय झालं?"

"कवटी हाडाची असते, ती ताणली जात नाही," सुषेण म्हणाला. "आत मेंदू, रक्त आणि मेंदूजल (मेंदूभोवतीचा पाण्यासारखा द्रव) असतं. हिची आतली एक रक्तवाहिनी फाटली असावी. साठणाऱ्या रक्ताला जागा द्यायला थोडं मेंदूजल खाली पाठीच्या कण्याकडे सरकलं, म्हणून ती बरी वाटली. आता सरकायला काही उरलं नाही. आतला दाब झपाट्याने वाढतोय आणि मेंदू चेपला जातोय. बाहुलीची नस त्यातच दबली."

"मी आधीच सांगायला हवं होतं."

"हो," सुषेण म्हणाला. "पण आत्ता सांगितलंस, म्हणून अजून वेळ आहे."

आईने केतकीचा हात घट्ट धरला. 

सांगलीच्या रुग्णालयात क्ष-किरणांनी काढलेल्या मेंदूच्या चित्रात रक्ताची गाठ स्पष्ट दिसली. डॉ. नसीम मुजावर यांनी कवटीचा छोटा तुकडा उघडून आत केसासारखा बारीक दाबमापक ठेवला आणि गाठ काढली. पडद्यावरचा आकडा अठ्ठावीसवरून बारावर आला. पंधराच्या आत असला की काळजी नाही, असं डॉक्टरबाईंनी आईला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी, मेंदूला आराम म्हणून दिलेलं झोपेचं औषध थांबवलं आणि डॉक्टरबाईंनी केतकीला खाटेजवळ बोलावलं. आज तूच विचार, म्हणाल्या.

केतकी खाटेवर वाकली. "ताई, डोळे उघड."

अबोलीने उघडले.

"मी कोण?"

अबोलीचे ओठ कोरडे होते. "केतकी," ती म्हणाली. "सांगितलंस ना आईला?"

"हो."

अबोलीने तिचं बोट धरलं. पकड सैल होती. मेंदूची डावी बाजू उजवा हात चालवते आणि तीच दबली होती, म्हणून उजव्या हातात जोर यायला काही महिने लागणार होते आणि यंदा खेळणं नव्हतं. पुढच्या वर्षाचं डॉक्टरबाई तपासून ठरवणार होत्या.

केतकीने कागद मागितला आणि डोळे, बोलणं, हालचाल यांचे तीन आकडे एकाखाली एक लिहिले. बेरीज चौदा आली. उद्या पुन्हा मोजू, असं तिने ताईला सांगितलं.