रेवतीचा पट्टा

प्रयोगशाळेतल्या मेजावर एक काळी मोहोरबंद पिशवी होती. तिच्यात रेवती सावर्डेकरचं हेल्मेट होतं. क्रिकेटच्या सराव सामन्यात उसळलेला चेंडू कपाळावर बसला आणि पोरगी गेली. 'तिने पट्टा सैल बांधला होता,' असं हेल्मेटच्या कंपनीने जाहीर करून टाकलं. मेलेलं माणूस उलटून बोलत नाही, ही केवढी सोय!

मेजापाशी तिघं होती. हेल्मेट घडवणाऱ्या डॉ. मृणाल घाणेकर, चौकशीसाठी नेमलेले डॉ. इक्बाल तांबोळी आणि रेवतीचे वडील सदानंद.

"हे बनतं कसं, ते आधी यांना कळू दे," तांबोळी म्हणाले.

"भाताच्या पेंढ्यावर बुरशीचे तंतू वाढवतो. त्यांचा कवकफेस होतो, तेच हेल्मेटचं अस्तर. थर्माकोलपेक्षा जास्त मार सोसतो," मृणाल म्हणाली. "कारखान्यात विषारी धूर नाही, कामगारांना खोकला नाही. आणि मागे कचरासुद्धा नाही. आत विकरं, म्हणजे एन्झाइम्स, झोपवून ठेवलीत. मातीतले जिवाणू, ओल आणि अंधार एकत्र आले की ती जागी होतात. मग सगळ्याचं खत. बकल, पट्टा, काही उरत नाही."

"म्हणजे पुरल्यावर?" सदानंदांनी विचारलं.

"पुरल्यावरच. डोक्यावर माती कुठून येणार?"

तांबोळींनी त्या सामन्याची चित्रफीत लावली. आजवर सगळ्यांनी गोलंदाज धावायला लागल्यापासूनचा भागच पाहिला होता.

"जरा मागून लावा ना," सदानंद म्हणाले. "चालत येताना बघायचंय तिला."

रेवती सीमारेषेपाशी आली. वाकली, बोटांनी मैदानाला शिवली, बोटं कपाळाला लावली आणि हेल्मेट चढवलं.

मृणालने चित्रफीत तिथेच थांबवली. बोटाची माती, कपाळाचा घाम, हेल्मेटच्या आतला अंधार. अख्खा मोसम, रोज. परदेशी प्रमाणकांच्या सगळ्या चाचण्या तिने घेतल्या होत्या. मैदानाच्या पाया पडणारी माणसं त्यांत कुठेच नव्हती.

"अस्तर आतून कुजत गेलं," ती कशीबशी म्हणाली. "रेवतीची चूक नव्हती. माझी होती."

"मग पट्टा घट्ट होता, असं लिहून द्या," सदानंद म्हणाले. "लोक तोंडावर विचारतात हो, पोरीला साधा पट्टा बांधायला शिकवलं नाहीत का म्हणून."

"दवाखान्यात पट्टा कापूनच हेल्मेट काढलं होतं," तांबोळी म्हणाले. "बकल लागलेलंच असेल. ते किती घट्ट ओढलंय, हे दिसलं की झालं."

त्यांनी मोहोर फोडली. अपघातानंतर घामाने ओलं हेल्मेट, नियमाप्रमाणे, तसंच काळ्या पिशवीत बंद केलं होतं.

आत काळं, भुसभुशीत खत होतं. तांबोळींनी ते बोटांनी चाळलं, पुन्हा चाळलं. बकल नव्हतं.

"मी नव्या हेल्मेटवर प्रयोग करते," मृणाल घाईने म्हणाली.

"जरूर करा," तांबोळी म्हणाले. " हेल्मेट कुजतं हे सिद्ध होईल, विक्रीही थांबेल. पण रेवतीचा पट्टा घट्ट होता, हे कशावरून सांगणार?"

मागे काही उरता कामा नये, ही अट तिनेच घातली होती. तिला स्वतःचा भयंकर संताप आला.

सदानंद बराच वेळ पिशवीत हात घालून चाचपत राहिले. मग त्यांनी हात बाहेर काढला.

"मॅडम, सगळं कुजतं म्हणालात," ते म्हणाले. "मग कंपनीचं ते वाक्य कधी कुजणार?"