पुसलेली बाजू आत

आमच्या थाउकांगच्या माणसांना बाहेरगावी दोन गोष्टींवरून ओळखतात. एक कालवं आणि दुसरी पंगतीतली शिस्त. कालवं काय, तैवानच्या सगळ्याच किनाऱ्यावर मिळतात. पण लग्नाच्या जेवणाला गोल टेबलाभोवती बसलं आणि वाढणारी मुलगी चिमट्याने गरम ओले रुमाल वाटायला लागली, की आमची माणसं लगेच वेगळी दिसतात. बाकीचे हात पुसतात आणि रुमालाचा बोळा करून टाकून देतात. आमची म्हातारी माणसं मान खाली घालून तोंड पुसतात, आणि मग त्या रुमालाची चौकोनी घडी घालतात. पुसलेली बाजू आत. लहानपणी मी बोळा टाकला की आई टेबलाखालून असा चिमटा काढायची की डोळ्यांत पाणी यायचं. "बाजू आत, पी-शिया! जनावरांत वाढलीयेस का?"

वळण म्हणजे वळण, त्यात विचारायचं काय? पुढे मी शाळेत इतिहास शिकवला, पोरांना उठता बसता 'का' विचारायला लावलं. ह्या घडीला 'का' विचारावंसं मला एकदाही वाटलं नाही.

गेल्या वर्षी मला जिल्ह्याचा इतिहास संशोधनाचा मोठा पुरस्कार जाहीर झाला. हौशी लोकांसाठी असतो तो नव्हे हं, मुख्य. विद्यापीठातल्या जाड चष्मेवाल्यांना मागे टाकून. गावात फटाके वाजले. कालवं विकणाऱ्या चू मावशीने मला भर बाजारात मिठी मारली आणि ओरडून सांगितलं, "हिची सासू म्हणायची ही नुसती कागद कुरतडते! बोलवा आता तिला!" सासू जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण चू मावशीला अशा गोष्टी आड येत नाहीत.

माझा निबंध आमच्या भाऊमंडळींच्या देवळावर होता. बेवारस मेलेल्यांना आमच्याकडे भूत म्हणत नाहीत. तोंडावर भूत म्हटलं तर कोणाला आवडेल? भाऊ म्हणायचं. देऊळ म्हणजे समुद्राकडे तोंड केलेली एक बुटकी खोली, त्यात मातीची मडकी, आणि मडक्यांत हाडं. जुन्या काळी चीनमधल्या शियामेन बंदरातून कापड घेऊन निघालेलं एक जहाज आमच्या उथळ पाण्यात फुटलं. खलाशी बुडाले, प्रेतं किनाऱ्याला लागली. आमच्या को घराण्याच्या पूर्वजांनी ती उचलून पुरली, पुढे हाडं काढून मडक्यांत ठेवली, आणि तेव्हापासून सातव्या महिन्यात, मेलेल्यांना सुट्टी असते तेव्हा, गाव त्यांना जेवू घालतं. ही गोष्ट आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यायलेली.

माझा शोध एवढाच, की जेवणाआधी मेलेल्यांना तोंड धुवायला पाणी ठेवतात ते सगळ्या तैवानात सगळ्यांना मिळून एक तसराळं आणि एखादा रुमाल. थाउकांगमध्ये मात्र मडक्यागणिक वेगळं तसराळं, वेगळा रुमाल. मी लिहिलं, 'समुद्राने टाकलेल्यांना इथल्या माणसांनी उचललं, आणि प्रत्येकाला वेगळा माणूस मानलं.' परीक्षक मंडळाच्या प्रमुख प्राध्यापिका फान यांना हे वाक्य इतकं आवडलं की ते दगडात कोरून देवळासमोर उभं करायचं ठरलं. छप्पर दुरुस्त करायलाही पैसे मंजूर झाले. माझे पाय काही जमिनीवर नव्हते.

सातव्या महिन्याची पूजा आली. पुरस्काराच्या पुस्तिकेसाठी मला तसराळ्यांचा एक चांगला फोटो हवा होता. अडचण नेहमीचीच. पूजेनंतर तसराळ्यांतलं पाणी काळं होतं. होणारच. बाहेर सबंध गाव मेलेल्यांसाठी कागदी नोटा जाळत असतं, राख केसांत, भातात, सगळीकडे. बायका ते काळं पाणी न बघता समुद्राच्या बाजूला ओततात आणि तसराळी पालथी घालतात. मी म्हटलं, यंदा राख आत येऊच द्यायची नाही.

आमच्या देवळाला दार नाही. कधीच नव्हतं. मी कालवं झाकायची निळी ताडपत्री आणली आणि तसराळी भरून, काठांवर कोरडे रुमाल घडी करून ठेवून, ती दाराच्या जागी ताणून बांधली. वारा जमिनीकडून समुद्राकडे होता. राखेचा एक कण आत जाणं शक्य नव्हतं.

तिसऱ्या काकांनी ते लांबून पाहिलं. हे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, देवळाचे प्रमुख, काठीशिवाय चार पावलं टाकत नाहीत. ते काठी टाकून धावत आले.

"उघड ते! कुणी लावलं? आधी उघड!"

"काका, राख जाते म्हणून—"

"भाऊमंडळींवर दार लावायचं नसतं! अक्कल विकून खाल्लीस का शिकून?"

त्यांनी दातांनी दोरी तोडली. मला हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू. ताडपत्री पडली आणि माझं हसू गेलं.

सगळ्या तसराळ्यांतलं पाणी काळं झालं होतं. वर राख तरंगत नव्हती, काळं होतं ते पाणीच. रुमालांच्या घड्या मोडलेल्या होत्या. मी एक उचलला. तो पिळलेला होता, आणि गरम होता.

उन्हाने तापला असेल, मी स्वतःला म्हटलं. खोलीत ऊन येत नव्हतं. पुस्तिकेसाठी मी जुना फोटो दिला.

पुढच्या आठवड्यात छपराचं काम निघालं. मडकी हलवायची तर भावांची परवानगी हवी, म्हणून काकांनी कौल लावला. लाकडाच्या दोन फाका जमिनीवर टाकायच्या, एक पालथी एक उताणी पडली की होकार. एरवी भाऊमंडळी चांगलीच खेळवतात. त्या दिवशी होकार पहिल्याच फेकीला आला. "बाहेर यायची घाई दिसते," चू मावशी म्हणाली, आणि कुणीच हसलं नाही.

मडकी बाहेर आणली की हाडांना ऊन दाखवायचं, कवटीवर छत्री धरायची, अशी रीत आहे. छत्री माझ्याकडे होती. मी वाकून पाहिलं, कारण मला सगळंच वाकून पाहायची सवय.

हाडं काळी होती. काही राखाडी, काही निळसर पांढरी, आणि त्यांवर आडव्या भेगा. मी काकांकडे पाहिलं.

"उदबत्तीचा धूर," ते पटकन म्हणाले. "इतकी वर्षं."

मांडीचं एक हाड मोडलेलं होतं. मी आत पाहिलं. आतूनही काळं. दुसरं मडकं, तिसरं मडकं, तेच. समुद्रात बुडालेला माणूस जळत नाही, हे सांगायला इतिहासाची बाई कशाला हवी?

मी आजूबाजूला पाहिलं. म्हातारी माणसं सगळी दुसरीकडे बघत होती. कुणी समुद्राकडे, कुणी स्वतःच्या चपलांकडे. आश्चर्य मात्र एकाच्याही तोंडावर नव्हतं. तेव्हा मला जी लाज वाटली तिला तोड नाही. ह्यांना सगळ्यांना माहीत होतं. मी वर्षानुवर्षं ह्यांच्या ओट्यावर बसून 'सांगा ना आजोबा' करत माहिती गोळा केली, आणि ह्यांनी चहा पाजून मला गोष्ट सांगितली.

दुपारी मी काकांकडे गेले. ते कालवं फोडत बसले होते. मी समोर बसले. मी विचारायच्या आत तेच बोलले.

"ते जिवंत आले होते, पोरी."

त्यांनी आणखी एक कालव फोडलं.

"थंडी होती. भिजलेले. आपली शिंपल्यांच्या चुन्याची भट्टी होती ना, देवळाच्या जागी? ती तेव्हा विझलेली होती पण ऊबदार होती. त्यांना म्हटलं, आत निजा. शेकून घ्या."

"मग?"

त्यांनी सुरी खाली ठेवली. "मग दार लावलं."

वाऱ्याने शिंपल्यांच्या ढिगावरची धूळ उडत होती. जहाजावरचं कापड कुठे गेलं ते मी विचारलं नाही. थाउकांगमध्ये को घराण्याएवढी पक्की घरं कुणाची नाहीत.

"हे मी सांगणार," मी म्हटलं. "दगडावर ते वाक्य जाऊ देणार नाही. पुरस्कार घेतानाच सांगते."

"झाकली मूठ सव्वा लाखाची, पी-शिया."

"काका, ते दरवर्षी तोंड धुतायत! आणि निघत नाहीये!"

"माहीत्ये." त्यांचे डोळे भरून आले. "मी गेल्यावर सांग. फार दिवस नाहीत माझे. मी माझ्या बापाला हेच विचारलं होतं, तोही म्हणाला, मी गेल्यावर. त्याचा बापही तेच म्हणाला होता."

"आणि आईला? तिला माहीत होतं?"

काकांनी पुन्हा सुरी उचलली. "तुझी आई को घराण्यात नांदली," ते म्हणाले.

समारंभ जिल्ह्याच्या गावी होता, सकाळी. गावातून बस भरून माणसं आली होती. काका पहिल्या रांगेत, इस्त्रीचा सदरा, गळ्यापर्यंत बटणं. मी वाक्य पाठ केलं होतं. अगदी लहान वाक्य. 'ते बुडाले नाहीत, आम्ही त्यांना जाळलं.' आरशासमोर म्हणून पाहिलं होतं, जमत होतं.

प्राध्यापिका फान यांनी माझा निबंध वाचून दाखवला. तसराळ्यांचा भाग आला तेव्हा त्यांचा आवाज कापला. दोन बायकांनी डोळे पुसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग माझं नाव घेतलं.

मी माइकसमोर उभी राहिले. काका माझ्याकडे बघत नव्हते. त्यांचे हात मांडीवर होते, तळवे वर, देवळात बसतात तसे. त्यांच्या मागे चू मावशी होती, आणि तिच्या मागे सगळं थाउकांग, जिथे मला मरेपर्यंत भाजी आणायला बाहेर पडायचं होतं.

माझं तोंड उघडलं.

"माझ्या पूर्वजांनी," मी म्हटलं, "समुद्राने टाकलेल्यांना उचललं."

टाळ्या पडल्या. किती वेळ पडत होत्या. मी वाकून नमस्कार केला आणि तशीच वाकून राहिले, कारण वर बघवत नव्हतं. आणि हीच मी, मुलांच्या खोट्या उत्तरांवर लाल रेघ ओढणारी.

दुपारी जेवण होतं. गोल टेबलं, पांढरी कापडं. मी काका आणि प्राध्यापिका फान यांच्या मधे. बाकीची दोन टेबलं आमच्या गावची. मुलगी चिमटा घेऊन आली आणि तिने गरम रुमाल वाटले.

प्राध्यापिका फान यांनी बोटं पुसली आणि बोळा टाकला.

काकांनी मान खाली घातली, तोंड पुसलं, आणि घडी घालायला लागले. एक घडी, दुसरी घडी. मी त्यांना हजारदा पाहिलं असेल असं करताना. आज मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. तिसरी घडी पडण्याआधी आतली बाजू मला दिसली.

ती काळी होती.

काकांनी घडी दाबून बसवली आणि तिच्यावर हात ठेवला.

मी बाकीच्या टेबलांकडे पाहिलं. चू मावशी. सुतार आजोबा. देवळातले दोघे म्हातारे. सगळ्यांच्या माना खाली, सगळ्यांची बोटं चालू. इतकी सवयीची बोटं. कोवळी पोरं मजेत हात पुसून बोळे टाकत होती, आणि त्यांचे बोळे पांढरे होते.

माझे बोळेही पांढरे असायचे. आई तेव्हा चिमटा का काढायची? मला आता वाटतं, ती सवय लावून ठेवत होती. पुढे लागेल म्हणून.

"किती शिस्तीची माणसं हो तुमच्या गावची!" प्राध्यापिका फान माझ्या कानाशी कौतुकाने म्हणाल्या. "रुमालसुद्धा कसे घडी करून ठेवतात बघा. यावरही लिहा काहीतरी पुढच्या वेळी."

"लिहीन ना," मी म्हटलं.

माझा रुमाल अजून तसाच होता, गरम. मी मान खाली घातली आणि तोंड पुसलं. मग न बघता घडी घातली. पुसलेली बाजू आत.