कौलावरचा माणूस

उंबरा

गिरगावात एका वाडीच्या दारात उभी होते. वरच्या सज्ज्यातून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "माणूस कुठे आहे?"

मी म्हटलं, "मीच राहणार."

त्यांनी पंचा झटकून वाळत घातला आणि आत गेले.

दादरला नारळीच्या वाडीत काशीबाई नावाच्या कोळणीनं निदान पाणी दिलं. वलांडीवर वाळत टाकलेले बोंबील उलटत तिनं माझं सगळं ऐकून घेतलं. "झोपडी हाय गो रिकामी. पन बाप्याशिवाय बाई ठेवली तर आमची पंचाईत मलाच उभी करील." परळात एकानं हिशेबातून मान वर न करताच विचारलं, "नवरा?"

मी गिरणीत सूत गुंडाळते. हात चालतात, पगार होतो, भाडं बुडवणारी मी नाही. पण हे सांगण्यापर्यंत गोष्ट पोचायचीच नाही. उंबऱ्याबाहेरच संपायची.

नवरा आदल्या वर्षी गाठीच्या तापात, प्लेगात, गेला. त्याला छावणीत नेलं आणि मला कुंपणापाशी अडवलं. आतून फक्त निरोप बाहेर आला. मुलगी, कमळी, कऱ्हाडकडे माझ्या भावाच्या घरी होती. भावाचं म्हणणं सरळ होतं: वैशाख सरेपर्यंत मुंबईत बिऱ्हाड झालं नाही तर पोरीचं लग्न लावून देतो. स्थळही ठरवलं होतं. बिजवर. त्याचा थोरला मुलगा कमळीपेक्षा मोठा.

म्हणून खोली हवी होती. कुठलीही.

गंगूबाईच्या खाणावळीत पिठाच्या डब्यांमागे मी झोपत असे. लालबागेतल्या एका चाळीच्या तळमजल्यावर तिची चूल होती आणि जेवणाऱ्यांपेक्षा तिचं तोंड जास्त चालायचं.

"अगं मालन, तुला कुनी न्हाई म्हनत न्हाई. तुझ्या कपाळाला न्हाई म्हनत्यात," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "कुंकू लाव. नवरा हाय म्हन. दिसंना झाला तर कामावर गेलाय म्हन. हितं कुनाचा नवरा कुनाला दिसतो? माझाच मला म्हैना म्हैना दिसत न्हाई, आन त्यो जित्ता हाय!"

तिनं आपला करंडा पुढे सरकवला. मी बोट बुडवलं. आरशात मात्र पाहिलं नाही.

भिंत

खोली त्याच चाळीत निघाली. वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला. स्वस्त होती. का, ते दारातूनच दिसत होतं.

भिंतींना चुना नुकताच दिला होता. इतका जाड की बोट लावलं तर पापुद्रा निघे. दाराशेजारी चुन्याखालून एक लाल वाटोळं उमटलं होतं, आणि त्याच्या बाजूला दुसरं, थोडं पुसट. तापाचा माणूस सापडला की सरकारची माणसं घरावर अशी खूण करून जात. जाताना ऊन आत यावं म्हणून कौलंही काढत. या खोलीच्या छपराला सुपाएवढं भोक होतं. त्यातून जमिनीवर उन्हाचा एक चौकोन पडला होता, आणि त्यात धूळ हळूहळू फिरत होती.

मला खोली आवडली. चुलीची जागा धड होती. कडी लागत होती.

जयवंतराव मालकासाठी भाडं गोळा करत. छत्री कायम काखेत. तापाच्या खोल्यांमध्ये ते पाय ठेवत नसत, सगळं बोलणं उंबऱ्याबाहेरून.

"नवऱ्याचं नाव?"

मी मान खाली घातली.

"बरोबर. बायको कसं घेणार? त्यालाच विचारीन मी." त्यांनी छत्रीच्या टोकानं वर दाखवलं. "पावसाआधी हे बुजवून घ्यायचं. मालक करणार नाही. माणसाला चढव. रविवारी बघायला येतो. कौलंही बघतो, माणूसही बघतो. नाहीतर खोली दुसऱ्याला."

खुंटी

जुन्या बाजारातून एक पागोटं आणलं आणि खुंटीला अडकवलं. दाराबाहेर पुरुषी वहाणा ठेवल्या. रोज कामावर जाताना वहाणांची तोंडं फिरवून ठेवत असे, शेजारणींना वाटावं की कुणीतरी आलं, गेलं.

हे करताना मला हसू यायचं. एकदा तर पागोट्याला "चला, जेवून घ्या" म्हणाले.

खरा प्रश्न कौलांचा होता. पडक्या घराची कौलं आणि थोडा चुना गंगूबाईनं मिळवून दिला, ते मी सज्ज्यात रचून ठेवलं. पण चढायचं कुणी? मी चढले असते. लहानपणापासून चढत आले आहे. मात्र बाई छपरावर दिसली असती तर चाळीनं तेव्हाच ओळखलं असतं की या घरात माणूस नाही. गावाकडे आमचं घर नवराच शाकारायचा. चुना बसवताना डाव्या अंगठ्यानं दाबायचा. तो अंगठा गिरणीत यंत्रात सापडलेला. रुंद, चपटा, मधोमध चीर. कुठलं काम त्याच्या हातचं आहे, ते त्यावरून कळायचं.

शेवटी नवऱ्याच्या नावानं चढवायला एक मजूर ठरवला. रविवारी सकाळी येतो म्हणाला, तो आलाच नाही. जयवंतराव आले.

कौलं

दुपार डोक्यावर होती.

"माणूस कुठाय?"

आदल्या रात्री मी तीन-चार सबबी घोकून ठेवल्या होत्या. त्यांतली एकही आठवेना. माझी नजर भोकाकडे गेली आणि तोंडातून निघून गेलं, "वर. कौलं बसवतोय."

जयवंतरावांनी उंबऱ्याबाहेरूनच मान लांब करून खाली पाहिलं, जमिनीकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचा संशय निवळला.

"असं होय," ते म्हणाले. मग आवाज चढवून वर ओरडले, "जपून हो! वासे जुने आहेत!"

मी खाली पाहिलं.

उन्हाच्या चौकोनात एक सावली होती. वाकून आत बघणाऱ्या माणसाच्या डोक्याची. डोक्याला पागोटं होतं. जयवंतराव ओरडले तेव्हा सावलीनं मान हलवली.

वर बघायला हवं होतं. मी खुंटीकडे पाहिलं.

खुंटी रिकामी होती.

जयवंतराव खूश होऊन गेले. मी त्यांच्यामागोमाग जिना उतरून रस्त्यावर आले आणि छप्पर लख्ख उन्हात नीट पाहिलं. एक कावळा होता. बाकी कोणी नव्हतं. परत वर आले तेव्हा भोक बुजलेलं होतं. सज्ज्यातली कौलं संपली होती. आतल्या बाजूनं दोन कौलांच्या मधून ओला चुना उतरला होता आणि तो अंगठ्यानं दाबून बसवलेला होता. रुंद ठसा. मधोमध चीर.

पागोटं खुंटीवर होतं. त्यावर चुन्याचे शिंतोडे होते.

मी भावाला निरोप धाडला: बिऱ्हाड झालं, पोरीला आणून सोड.

जमीन

कौलं बंद, तरी ऊन यायचंच.

मी तपासून पाहिलं. पाट ठेवला, ऊन पाटावर चढलं. जमिनीला हात लावला, ती तापलेली. सज्ज्याच्या बाजूनं कवडसा येत असेल म्हणून तिकडे घोंगडी टांगली. चौकोन जागचा हलला नाही. शेवटी त्यात मी तांदूळ वाळत घातले. ऊन कुठूनही येवो, वाया का घालवा?

कमळी आली. तिनं येताना भावजयीनं दिलेला फुटका तांब्या आणला होता, तो कोनाड्यात मांडला आणि खोलीभर फिरून आली. "हे सगळं आपलं?" तिनं विचारलं. मी हो म्हणाले. त्या दिवशी आम्ही दोघी नुसतं पिठलं खाऊन इतकं हसलो की शेजारणीनं भिंत ठोकली.

मग एकदा कामावरून आले तर कमळी म्हणाली, "आई, तू गेलीस की वरचा माणूस बघतो."

"कुठला माणूस?"

"उन्हातला. आधी डोकंच होतं. आता खांदे पण आलेत."

"चिंचेची सावली असेल."

"चिंच कुठाय इथं?" ती म्हणाली, आणि तांदळातले खडे वेचू लागली. "काल हात आला होता."

मी तिला दुपारची गंगूबाईच्या खाणावळीत बसवू लागले. गंगूबाई मला म्हणाली, "येवढं भ्या वाटतंय तर सोड की ती खोली."

"आणि जाऊ कुठं?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

खोली गेली तर कमळी गेली. बाकी सगळं त्यानंतर. असं मी रोज स्वतःला सांगत होते, आणि चौकोन ओलांडताना पाय उचलून ओलांडत होते.

दार

रविवारी जयवंतराव उंबऱ्याबाहेर उभे. कमळी माझ्यामागे खोलीत. खालून गंगूबाई जिना चढून आली होती, उसनं मीठ परत मागायला.

"कुशाबा भेटला," जयवंतराव म्हणाले. "भला माणूस आहे तुझा."

ते नाव मी त्यांना सांगितलं नव्हतं. या चाळीत कुणालाच सांगितलं नव्हतं. गंगूबाईलाही नाही.

"कुठं भेटला?"

"इथंच की. काल दुपारी. दार लोटलेलं होतं, आतूनच बोलला. खोली सोडताय म्हणाला. अमावास्येला निघायचं, बायको आणि पोर दोघींना न्यायला आलोय म्हणाला." त्यांनी छत्री दुसऱ्या काखेत घेतली. "मी दिलीसुद्धा खोली दुसऱ्या कुटुंबाला."

"मला विचारलं नाहीत."

"तुला काय विचारायचं, बाई? घरात माणूस असताना?"

मी तळहातानं कपाळ पुसलं.

एकदा पुसून गेलं नाही. पदरानं पुसलं.

"कुशाबा मेला," मी म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदाच ते नाव माझ्या तोंडात आलं. "गाठीच्या तापानं. छावणीत. गेल्या साली. मी त्याची विधवा आहे. खोली मी घेतली, भाडं मी भरते. मी सोडत नाही."

शेजारची दारं उघडली.

"भाडं थकवलंय का तिनं?" गंगूबाईनं विचारलं. "न्हाई ना? मग?"

जयवंतराव तिच्याकडे पाहत नव्हते. माझ्याकडेही नाही. माझ्या खांद्यावरून ते खोलीतल्या जमिनीकडे पाहत होते.

मी वळले नाही.

त्यांच्या काखेतली छत्री निसटून पडली. ती तशीच टाकून ते जिना उतरले.

माझ्यामागून कमळी म्हणाली, "आई, ऊन गेलं."

कपाळ

त्यानंतर जयवंतराव वर आलेले नाहीत. भाडं गंगूबाईकडे ठेवते, तिथून ते नेतात. दुसरं कुटुंब आलं नाही. छत्री अजून सज्ज्यात आहे.

पागोटं आणि वहाणा मी शिवडीच्या खाडीत सोडल्या. गंगूबाईचा करंडा तिला परत केला. माझ्या घरात चिमूटभरही कुंकू नाही.

अमावास्या आली आणि गेली. पावसाळा लागला. खोलीत एक थेंब गळत नाही, सगळ्या चाळीत फक्त माझ्याच.

सकाळी भोंगा व्हायच्या आधी मी परातीत पाणी घेऊन तोंड धुते. पाणी लाल होतं. मी ते मोरीत ओतते, कमळीला खाली सोडते आणि कामावर जाते. खोली सोडलेली नाही.

आज तोंड धुण्याआधी आरशात पाहिलं. टिळा ताजा होता, नीट मधोमध लावलेला. माझ्या बोटाच्या मानानं खूप रुंद. त्याच्या मध्यावर एक उभी चीर होती, आणि तेवढ्या जागेला कुंकू लागलं नव्हतं.